आम्ही की आपण

फ्रेंच सिनेमा म्हटलं की मागच्या रांगा आधी भरतात. आमच्या विद्यापीठात फ्रेंच भाषेतल्या चित्रपटांचा महोत्सव सुरू झाला, त्या पहिल्या वर्षी मला या गर्दीचं फार अप्रूप वाटलं होतं. मी भाषा विभागात नुकतीच फ्रेंच शिकवायला लागले होते आणि नगरमध्ये एवढी जिज्ञासा आहे हे बघून मनातल्या मनात खूश होते. पहिला चित्रपट एका सेनेगाली म्हाताऱ्याचा होता. त्याचा भाऊ फ्रान्सच्या बाजूनं लढताना मेलेला, आणि हा त्याची कबर शोधत गावोगाव फिरतो. मध्येच एक मुलगा बाहेर आला. मी दाराशी उभी होते. त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "मॅडम, सगळे पिक्चर असेच हायेत का?"

"असेच म्हणजे?"

"म्हंजे, कबरीचे."

मी हो म्हणाले. त्यानं जरा विचार केला. "गाडीची चावी मित्राकडं हाय," म्हणाला आणि परत आत जाऊन बसला.

पुढच्या वर्षीपासून आम्ही पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहायला लागलो, की हे चित्रपट फ्रान्सनं ज्या देशांवर राज्य केलं त्या देशांच्या आठवणींचे आहेत, तिथल्या माणसांच्या ओळखीच्या प्रश्नांचे आहेत. मागच्या रांगा विरळ झाल्या. पण जे येत ते शेवटपर्यंत बसत.

या महोत्सवात माझं काम पडद्याखालच्या पट्टीचं. चित्रपटावर इंग्रजी अक्षरं आधीच छापलेली येतात. त्याच्या खाली आम्ही पांढऱ्या कापडाची एक लांब पट्टी ताणतो आणि दुसऱ्या प्रोजेक्टरनं तिच्यावर मराठी वाक्यं सोडतो. सोडतो म्हणजे खरोखर सोडतो. मी लॅपटॉप घेऊन बसते. पडद्यावर माणूस तोंड उघडतो तेव्हा मी बटण दाबते, तोंड मिटतो तेव्हा पुन्हा दाबते. चित्रपट संपेपर्यंत खोकायचीही सोय नसते. हे काम मला आवडतं, कारण ते अंधारात करायचं असतं आणि कुणी माझ्याकडे बघत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वाक्याचं भाषांतर केलं की संपलं. तसं नसतं. माणूस जेवढ्या वेळात बोलतो तेवढ्या वेळात ते वाचून व्हायला हवं, आणि वाचता वाचता चेहराही दिसायला हवा. त्यामुळे निम्मं गाळावं लागतं. शिवाय फ्रेंचमध्ये 'नाही' वाक्यात लवकर येतं आणि मराठीत सगळ्यात शेवटी. एका चित्रपटात पोलिसांसमोर बसलेला एक मजूर म्हणतो, मी त्याला मारलं नाही, साहेब. फ्रेंचमध्ये त्याचं 'नाही' आधीच येऊन गेलेलं असतं, मग तो मध्येच थांबतो, घोट गिळतो. मला तो थांबा जपायचा होता, म्हणून मी वाक्य दोन तुकड्यांत तोडलं. आधी पट्टीवर आलं, "त्याला मी मारलं". मजुरानं घोट गिळला. मागून कुणीतरी म्हणालं, "मला आधीच वाटलं हुतं." मग पट्टीवर आलं, "नाही, साहेब". त्यानंतर चित्रपट संपेपर्यंत त्या बिचाऱ्या मजुरावर कुणाचा विश्वास बसला नाही.

मराठी पट्टीची कल्पना माझी होती. बैठकीत मला बोलता येत नाही, म्हणून मी ती एका कागदावर लिहून आमचे विभागप्रमुख गाडे सर यांच्यापुढे सरकवली होती. श्रीगोंद्याकडून, जामखेडकडून येणाऱ्या मुलांना इंग्रजी अक्षरं झेपत नाहीत असं नाही, पण ती पळतात. मुलं वाचत बसतात आणि सिनेमा राहून जातो. सरांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शेख मॅडम, करा. पण मूळ दिग्दर्शकांनी मान्य केल्याशिवाय एक ओळ दाखवायची नाही. आणि मान्य केल्यावर काना-मात्रासुद्धा हलवायचा नाही. चुकलं तर पट्टी बंद आणि पुन्हा इंग्रजी." अट योग्यच होती. मी प्रत्येक मराठी ओळीखाली तिचा अर्थ पुन्हा फ्रेंचमध्ये लिहून दिग्दर्शकांना पाठवायला लागले. ते वाचून होकार कळवत. ही पद्धत मला चोख वाटायची.

गेल्या हिवाळ्यातल्या महोत्सवात शेवटचा चित्रपट मादागास्करचा होता आणि त्याच्या दिग्दर्शक स्वतः येणार होत्या. त्यांचं नाव निरीना. आई तिकडची, वडील फ्रेंच. चित्रपटात दोन म्हाताऱ्या आहेत. सोलांज ही फ्रेंच जमीनदाराची मुलगी. लहानपणी सोडलेलं घर बघायला ती आयुष्याच्या शेवटी परत येते. रासोआ ही तिला अंगाखांद्यावर वाढवणारी दाई, अजून तिथेच राहणारी. फार काही घडत नाही. दोघी स्वयंपाकघरात असतात, एक खुर्चीवर बसलेली, एक उभी. शेवटाकडे सोलांज भिंतींवरून हात फिरवते आणि म्हणते, या घरात किती सुखात होतो. रासोआ तांदूळ धूत असते. तिचा हात थांबतो. ती म्हणते, तुम्ही होता. मग हात पुसते, खुर्ची ओढते आणि पहिल्यांदाच बसते. सगळा चित्रपट त्या बसण्यासाठी आहे.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही चाचणी घेतो. पाचसहा विद्यार्थ्यांना बसवायचं, सगळं दाखवायचं आणि कुठे अडतं ते विचारायचं. त्यात काष्टीची रोहिणी होती, इतिहासाच्या एम.ए.ची. दिवे लावल्यावर ती कपाळाला आठी घालून बसलेली.

"मॅडम, ती म्हातारी चिडली कशापायी?"

"कुठे?"

"शेवटाला. ती गोरी बाई बरोबरच म्हनती की, आम्ही सुखात होतो. हुतेच की ते. ही बी म्हनली, तुम्ही होता. मग झालं ना? दोघींचं एकच म्हननं हाय. भांडन कशाचं?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी लॅपटॉपवर ती ओळ काढली. "या घरात आम्ही किती सुखात होतो." त्या ओळीकडे बघताना माझे कान गरम झाले.

सोलांज 'आम्ही' म्हणतच नव्हती. ती 'आपण' म्हणत होती. आपण सगळे, तू आणि मी आणि माझे आईबाबा. त्या 'आपण'मध्ये ती रासोआला न विचारता ओढून घेत होती, आणि म्हणूनच रासोआ चिडली होती.

हे मला का सुचलं नव्हतं, याचा मी नंतर बराच विचार केला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीच्या तासाला फळ्यावर तक्ता असायचा, आय म्हणजे मी, वी म्हणजे आम्ही. तो तक्ता डोक्यात असा बसलेला, की कागदावर 'वी' किंवा फ्रेंच 'नू' दिसलं की बोटं आपोआप 'आम्ही' लिहितात. बोलताना असं होत नाही. घरी आम्ही जी बोली बोलतो, तिला कुणी हिंदी म्हणतं, कुणी उर्दू. त्यात अम्मी मला रोज म्हणते, "अपन शाम को बाजार जाएंगे." हम आणि अपन यांत तिची कधी गल्लत होत नाही, माझीही होत नाही. आणि मराठीत तर या शब्दांकडे मी लहानपणापासून कान देऊन आहे. "तुमच्यात लग्नात काय काय असतं?" असं कुणी सहज विचारतं, "आमच्यात असं नसतं," असं सांगतं. वाईट हेतूनं नाही. पण आपण कुणाच्या 'आपल्यात' आहोत आणि कुणाच्या 'तुमच्यात', हे मला समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी कळतं. आणि तरी टाइप करताना तक्ता जिंकला.

दिग्दर्शकांनी ही ओळ मान्य कशी केली, तेही उघड होतं. मी तिच्याखाली फ्रेंचमध्ये 'नू' लिहिलं होतं. 'आपण' लिहिलं असतं तरी 'नू'च लिहावं लागलं असतं. माझी चोख पद्धत नेमकी ही चूक पकडू शकत नव्हती.

मी गाडे सरांकडे गेले. "सर, एक शब्द बदलायचाय."

"उद्या शो, आज शब्द? कुठला?"

"आम्ही. त्याचं आपण करायचंय."

"अर्थ तोच ना मग? राहू द्या." त्यांनी पुन्हा फाइलीत डोकं घातलं. मग डोकं वर केलं. "थांबा. आम्ही जेवायला चाललो. आपण जेवायला चाललो." त्यांनी दोन्ही वाक्यं एकदा माझ्याकडे बघून आणि एकदा खिडकीकडे बघून म्हटली. "पहिल्यात मी तुम्हाला उपाशी ठेवलं."

"हो सर."

"हे मोठं प्रकरण आहे. पण पाहुण्यांना विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. उद्या त्यांना आणायला शिर्डीला तुम्हीच जा. गाडीत विचारा. नाही म्हणाल्या तर आहे तसं चालवायचं."

आहे तसं चालवायचं म्हणजे काय, ते मला रोहिणीच्या कपाळावर दिसलं होतं. भरलेलं सभागृह, समोर दिग्दर्शक, आणि ज्या क्षणासाठी सगळा चित्रपट तो कुणाला कळणारच नाही. आणि मराठी पट्टीवर शेवटचा शिक्का बसेल, की बघा, मराठीतूनही समजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर साईभक्तांच्या गर्दीतून निरीना बाहेर आल्या. ठेंगण्या, केस पिकलेले, पाठीला एवढीशी पिशवी. आमचे ड्रायव्हर बाबूराव त्यांना नमस्कार करून मला म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांना दर्शनाचं इचारा. शिर्डीत येऊन तसंच गेलं तर बरं दिसत न्हाई."

मी विचारलं. निरीनांनी विचारलं, सक्तीचं आहे का? मी बाबूरावांना सांगितलं.

"सक्ती कशाची? पर आज रांग कमी हाय म्हनून म्हनलं."

त्या हसल्या आणि नको म्हणाल्या. बाबूराव नाराज झाले.

मी फ्रेंच वाक्य घरूनच पाठ करून आले होते. 'मला एका ओळीबद्दल तुमची परवानगी हवी आहे.' एवढंच. पण गाडी सुरू झाली आणि मी ते पुढच्या वळणावर ढकलत राहिले. मान्य केलेल्या गोष्टीवर आता, शोच्या दिवशी, कोण कुठली मी बोलणार? त्यांनी बाहेर बघत विचारलं, ही शेती कसली? मी सांगितलं, ऊस. उसाचे ट्रॅक्टर दिसले, तेव्हा पुन्हा सांगितलं, ऊस. राहुरीच्या अलीकडे बाबूरावांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, बोला की कायतरी त्यांच्याशी. एवढ्या लांबून आल्यात, आन तुमी नुस्ता ऊस दाखवताय." मग त्यांनीच चहासाठी गाडी थांबवली.

चहाचा कप हातात घेऊन निरीना म्हणाल्या, "तुम्हाला मला काहीतरी सांगायचंय. शिर्डी सोडल्यापासून तुम्ही श्वास घेता आणि तसाच सोडून देता."

मग सांगावंच लागलं. पाठ केलेलं वाक्य आठवेना. मी म्हणाले, "मराठीत 'नू' दोन आहेत." आणि हातातल्या कपाकडे बोट दाखवलं. 'आपण चहा पितोय' म्हणजे तुम्ही, मी आणि बाबूराव, तिघंही. 'आम्ही चहा पितोय' म्हणजे मी आणि बाबूराव. तुम्ही समोर बसून बघताय. तुमच्या सोलांजच्या तोंडी मी दुसरा शब्द घातलाय. त्यामुळे रासोआचं उत्तर उत्तरच राहत नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं, बिनसलं. इतकी परवानगी घेऊन, सगळं कळवून, आता चहाच्या टपरीवर ही मुलगी सांगते की चूक आहे.

"इसिका," त्या म्हणाल्या. आणि मग, "इझाहाय."

मी विचारलं, म्हणजे काय?

"माझ्या आईच्या भाषेतसुद्धा दोन आहेत. इसिका म्हणजे तुला धरून. इझाहाय म्हणजे तुला सोडून." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "हा प्रसंग लिहिताना माझ्या डोक्यात आईची भाषा होती. सोलांज लहानपणी रासोआकडून तीच बोलायला शिकली. माझ्या डोक्यात ती 'इसिका'च म्हणते. पण म्हातारपणी ती ती भाषा विसरलेली असते, म्हणून दोघी फ्रेंच बोलतात, आणि फ्रेंचमध्ये एकच 'नू'. पॅरिसमध्ये चित्रपट दाखवला की कुणीतरी हमखास विचारतं, ती म्हातारी एवढी कशाला चिडली?"

म्हणजे रोहिणीनं विचारलं तेच पॅरिसचे लोक विचारत होते. मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. मोठ्यानं. बाबूरावांनी वळून बघितलं.

"बदला," निरीना म्हणाल्या. "आणि बाकीचे सगळे 'नू' पण बघू या. लॅपटॉप आहे ना?"

पुढचा सगळा रस्ता आम्ही मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. मी 'नू'ची ओळ दाखवायची, त्या इसिका की इझाहाय ते सांगायच्या, मी शब्द बदलायची. माझे सगळेच 'आम्ही' चुकले नव्हते. एका जागी रासोआ म्हणते, तुम्ही गेलात, आम्ही राहिलो. तिथे त्या म्हणाल्या, "इझाहाय. याला हात लावू नका." एके ठिकाणी सोलांजचा भाऊ फोनच्या स्पीकरवरून घराबद्दल बोलतो, तिथे मी 'आमचंच आहे' लिहिलं होतं. त्यावर त्या बराच वेळ अडल्या. फ्रेंचमध्ये त्यांनी तो प्रश्न स्वतःलाच कधी विचारला नव्हता. शेवटी म्हणाल्या, तो बहिणीशी बोलतोय आणि रासोआ दारात उभी राहून ऐकतेय, म्हणजे 'आपलंच' करा. ते तिच्यासाठी नाही, हे तिला कळेल.

बाबूरावांना राहवलं नाही. "मॅडम, कसला हिशोब चाललाय?"

मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आपुन का आमी. लई अवघड. आमच्या भावकीत ह्याच्यावरच वाटन्या झाल्यात."

मी ते भाषांतर करून सांगितलं. निरीना म्हणाल्या, चित्रपट करायच्या आधी यांना भेटायला हवं होतं. हेही मी बाबूरावांना सांगितलं. त्यांची दर्शनाची नाराजी तिथे संपली.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मी माझ्या कोपऱ्यात, अंगठा बटणावर. पुढे बसलेल्या निरीना पडद्याकडे न बघता मान किंचित वळवून लोकांकडे बघत होत्या. सोलांजनं भिंतीवरून हात फिरवला. मी बटण दाबलं. "या घरात आपण किती सुखात होतो." तांदळातला हात थांबला. मी बटण दाबलं. "तुम्ही होता."

कुठल्यातरी रांगेतून एक बारीक आवाज आला, जीभ टाळ्याला लावून काढतात तसा. मग दुसरीकडून. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, रासोआ बसली, आणि एवढ्या माणसांतून कुणी हललंसुद्धा नाही. निरीनांनी मान समोर वळवली. पुढची ओळ मी थोडी उशिरा सोडली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मनात एक सल मात्र राहिली. आधीच्या वर्षांतले किती चित्रपट मी त्या तक्त्यावर चालवले असतील. त्यातले कितीतरी लोक आपण म्हणत असतील आणि मी त्यांना आम्ही म्हणायला लावलं. एकदा सोडलेली ओळ परत बोलावता येत नाही.

चित्रपटानंतर प्रश्नोत्तरं होतात. तेव्हा मला व्यासपीठावर दिग्दर्शकांच्या शेजारी बसून दुभाष्याचं काम करावं लागतं, आणि ते मला आवडत नाही, कारण तिथे दिवे असतात. दरवर्षी प्रश्न इंग्रजीत येतात, तेही पहिल्या दोन रांगांतून. या वेळी गाडे सरांनी माइक थेट मागे पाठवला. मधल्या रांगेतले टोपीवाले एक वयस्क गृहस्थ उठले. भिंगारहून आलोय, म्हणाले.

"आपल्याकडं बी असंच हुतं बाई. भिंगारला सायबाचे बंगले हुते. आमची आजी तिथं दळायला जायची. मडम तिला म्हनायची, तू घरचीच हायेस. पर आमच्या आजीनं त्या घरात कवा खुर्चीला बूड टेकवलं न्हाई. मला एवढंच इचारायचंय, ह्या म्हातारीला तुमी बस म्हनून सांगितलं, का ती तिच्या मनानं बसली?"

मी फ्रेंचमध्ये सांगायला लागले. 'आपल्याकडं'ला 'नू' आला, 'आमची आजी'लाही 'नू'च. निरीना माझ्याकडे झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "पहिला कुठला?"

"इसिका. तुम्हाला धरून."

"आणि आजी?"

"आजी त्यांची."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता त्या माणसाकडे बघत उत्तर दिलं. मी ते मराठीत सांगितलं. "असं लिहिलेलं नव्हतं. तिनं उभं राहूनच बोलायचं होतं. पण ती बसली, आणि आम्ही कॅमेरा बंद केला नाही."

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि खाली बसले.